कंबरदुखीवर अँटिबायोटिक घ्यायला सांगितलंय? मग कोर्स सुरू करण्याआधी एवढं करा

कंबर दुखायला लागून कित्येक महिने झालेत, पेनकिलर खाऊन झाल्या, पट्टा बांधून झाला, शेकून झालं, एमआरआय काढला त्यात "मोडिक चेंजेस" (गादीलगतच्या मणक्याच्या हाडात दिसणारे बदल) असं काहीतरी लिहून आलं आणि आता कुणीतरी सांगतंय की अहो हे आतलं इन्फेक्शन असतं, तीन महिने अँटिबायोटिक घ्या म्हणजे कंबर मोकळी होईल. इतके दिवस दुखणं सोसलेला माणूस कुठलीही गोळी घ्यायला तयार होतो, त्यात त्याची काहीच चूक नाही. पण या बाबतीत मात्र घाई नको, कारण इथे चूक दोन्ही बाजूंनी होते. ज्यांना अँटिबायोटिकचा काडीचा उपयोग नाही ते शंभर दिवस पोट बिघडवून घेतात, आणि ज्यांच्या मणक्यात खरोखर इन्फेक्शन आहे ते अर्धवट गोळ्या खाऊन तेच इन्फेक्शन झाकून टाकतात, मग पुढे तपासणीत काही सापडतच नाही. दुसरी चूक जास्त महागात पडते.

म्हणून क्रम लक्षात ठेवा. आधी इन्फेक्शनची शंका घ्यायला कारण आहे का ते बघायचं, असेल तर सॅम्पल घ्यायचं, आणि गोळी त्याच्यानंतर. आता एकेक बघू.

शंभर दिवसांचा कोर्स हे प्रकरण आलं कुठून

हे माहीत असलं की डॉक्टरांशी बोलताना बरं पडतं. २००१ मध्ये लॅन्सेट या जर्नलमध्ये ब्रिटनमधल्या काही डॉक्टरांनी लिहिलं की सायटिकाच्या पेशंटच्या ऑपरेशनमध्ये काढलेल्या दोन मणक्यांमधल्या गादीच्या, म्हणजे डिस्कच्या, तुकड्यांत त्यांना बॅक्टेरिया सापडले, मुख्यतः आता ज्याला क्युटिबॅक्टेरियम अ‍ॅक्नेस म्हणतात तो, म्हणजे मुरुमांशी ज्याचं नाव जोडलेलं आहे तोच. कल्पना अशी की गादी फाटली की हा बॅक्टेरिया रक्तातून तिथे पोचतो, गादीत ऑक्सिजन कमी असतो आणि त्याला तेच मानवतं, तो हळूहळू वाढतो आणि शेजारच्या मणक्याच्या हाडात सूज येते. ऐकायला अगदी पटण्यासारखं आहे. अडचण एवढीच की हा बॅक्टेरिया आपल्या सगळ्यांच्याच त्वचेवर असतो आणि गादीपर्यंत जाणारी सुई किंवा चाकू त्वचेतूनच जातो, त्यामुळे तो आधीपासून आत होता की काढताना लागला हा वाद अजून मिटलेला नाही.

मग २०१३ मध्ये डेन्मार्कचा अभ्यास आला. १६२ पेशंट, आधी गादी सरकलेली, सहा महिन्यांपेक्षा जास्त कंबरदुखी आणि एमआरआयवर मोडिक टाईप १ चेंजेस, म्हणजे हाडात सूज (हे प्रकार खाली सांगितलेत). त्यांना १०० दिवस एकतर अमॉक्सिसिलिन-क्लॅव्युलॅनेट दिलं किंवा डमी गोळी दिली. एका वर्षानंतर बघितलं तर रोजच्या हालचालींचा त्रास मोजणारा स्कोअर, जो २४ पैकी असतो, तो अँटिबायोटिकवाल्यांचा १५ वरून ५.७ वर आला आणि डमीवाल्यांचा १५ वरून फक्त १४ वर. इतका मोठा फरक कंबरदुखीच्या कुठल्याच औषधाने सहसा दिसत नाही, त्यामुळे पेपरांतून मोठमोठ्या बातम्या झाल्या आणि तेव्हापासून हा उपाय लोकांच्या तोंडी बसलाय.

त्याच्यापुढची बातमी मात्र फार कमी लोकांपर्यंत पोचली. नॉर्वेत सहा हॉस्पिटलांनी मिळून हाच प्रयोग १८० पेशंटवर पुन्हा केला, टाईप १ आणि टाईप २ दोन्ही घेतले, अमॉक्सिसिलिन ७५० मिलीग्रॅम दिवसातून ३ वेळा १०० दिवस, आणि २०१९ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये निकाल छापला. त्याच २४ च्या स्कोअरमध्ये दोन गटांतला फरक आला १.६, आणि नुसते टाईप १ वाले बघितले तरी २.३. पेशंटला खरोखर जाणवेल असा फरक किमान ४ चा असायला हवा हे त्यांनी सुरुवातीलाच ठरवून ठेवलं होतं, तिथपर्यंत काही पोचलं नाही. आणि औषधाचा काही ना काही त्रास झाला अँटिबायोटिकवाल्यांपैकी ५६ टक्क्यांना, डमीवाल्यांपैकी ३४ टक्क्यांना.

माझं मत विचाराल तर स्पष्ट सांगते, दुसऱ्या अभ्यासानंतर साध्या जुनाट कंबरदुखीला शंभर दिवस अँटिबायोटिक घेण्यात अर्थ उरलेला नाही. टाईप १ मधल्या एखाद्या छोट्या गटाला उपयोग होत असेलही, संशोधन चालू आहे, थेट गादीतच औषध टोचून बघण्याचेही प्रयोग चालू आहेत, पण तो छोटा गट आधीच ओळखायचा कसा हे अजून ठरलेलं नाही. आणि टाईप १ नसेल, नुसतं "डिस्क बल्ज" किंवा "डिजनरेशन" लिहिलेलं असेल, तर हा विषय तुमच्यासाठी नाहीच.

आता तुमचा एमआरआय काढून समोर ठेवा

रिपोर्टमध्ये "मोडिक" शब्द शोधा. साधारण असं वाक्य असतं, एल४-एल५ लेव्हलला मोडिक टाईप १ एंडप्लेट चेंजेस. एल४-एल५ म्हणजे कमरेचा चौथा आणि पाचवा मणका, एंडप्लेट म्हणजे हाड आणि गादी यांच्यामधला पातळ थर. हे प्रकार १९८८ मध्ये मायकल मोडिक यांनी मांडले म्हणून त्यांचं नाव. टाईप १ म्हणजे हाडाच्या त्या भागात सूज, पाणी. टाईप २ म्हणजे तिथल्या मज्जेची चरबी झालेली. टाईप ३ म्हणजे हाड घट्ट, कडक झालेलं. फिल्मवर बघायचं असेल तर टी१ आणि टी२ अशा दोन प्रकारच्या इमेज असतात, टाईप १ टी१ वर काळपट आणि टी२ वर पांढरा दिसतो, टाईप २ टी१ वर पांढरा, टी२ वरही पांढरा किंवा आजूबाजूसारखाच, आणि टाईप ३ दोन्हीवर काळा.

गोंधळ होतो तो इथेच. मणक्यातलं खरं इन्फेक्शनही टी१ वर काळं आणि टी२ वर पांढरं दिसतं! म्हणजे नुसतं हाड बघितलं तर टाईप १ आणि इन्फेक्शन सारखेच वाटू शकतात. मग रेडिओलॉजिस्ट गादीकडे बघतात. झिजेमुळे आलेल्या टाईप १ मध्ये गादी बहुतेक वेळा सुकलेली, टी२ वर काळी असते आणि एंडप्लेटची रेघ शाबूत दिसते. इन्फेक्शनमध्ये गादीच टी२ वर पांढरी चमकते, एंडप्लेटची रेघ कुरतडल्यासारखी तुटलेली असते आणि मणक्याच्या आजूबाजूला सूज किंवा पू दिसू शकतो. हे आपण घरी फिल्म उजेडात धरून ठरवायचं नाही बरं का. पण डॉक्टरांना एक प्रश्न नक्की विचारा, "गादी आणि एंडप्लेट बघून इन्फेक्शन नाही असं खात्रीने म्हणता येतंय का, की कॉन्ट्रास्ट देऊन पुन्हा एमआरआय करायला हवा?" कॉन्ट्रास्ट म्हणजे इमेज स्पष्ट यावी म्हणून शिरेतून सोडायचं औषध. या एका प्रश्नाने पुढचा रस्ता ठरतो.

आणि एक सांगायचं राहिलं, मोडिक चेंजेस कंबर अजिबात दुखत नसलेल्या लोकांमध्येही सापडतात, आणि टाईप १ चा टाईप २ काहीही औषध न घेतासुद्धा होतो. त्यामुळे रिपोर्टमधला तो शब्द वाचून घाबरून जाऊ नका.

इन्फेक्शनची शंका कधी घ्यायची

ताप नाही म्हणजे इन्फेक्शन नाही हा गैरसमज आधी डोक्यातून काढा. मणक्याच्या इन्फेक्शनमध्ये बऱ्याच जणांना ताप नसतोच, म्हणून तर निदानाला आठवडे, कधी महिने लागतात. दुखण्याचं वागणं बघा. साधी कंबरदुखी बसलं-वाकलं की वाढते, आडवं पडलं की बरं वाटतं, काही दिवस कमी काही दिवस जास्त अशी वर-खाली होत राहते. इन्फेक्शनची कंबरदुखी दिवसागणिक वाढतच जाते, आडवं पडूनही थांबत नाही, रात्री झोपेतून उठवते, आणि मणक्याच्या मधल्या हाडावर बोटाने हलकेच टकटक केलं तर एका ठराविक जागी चांगलीच कळ येते. शिवाय भूक गेली, वजन उतरलं, रात्री घामाने कपडे ओले होतात, असं काही असेल तर वाट बघत बसू नका.

माणूस कोण आहे हेही तितकंच महत्त्वाचं. डायबेटिस, डायलिसिस चालू, स्टिरॉइड किंवा इम्युनिटी दाबणारी औषधं चालू, कॅन्सरची ट्रीटमेंट, एचआयव्ही, शिरेतून नशेची इंजेक्शनं, मागच्या काही महिन्यांत मणक्याचं ऑपरेशन किंवा कमरेत इंजेक्शन, नुकतंच लघवीचं, त्वचेचं किंवा हृदयाच्या झडपेचं इन्फेक्शन. यातलं एक जरी असेल आणि नव्याने कंबर दुखायला लागली असेल तर डॉक्टरांना ते स्वतःहून सांगा, त्यांनी विचारायची वाट बघू नका, कारण गडबडीच्या ओपीडीत दोन महिन्यांपूर्वीचं लघवीचं इन्फेक्शन कुणी विचारेलच असं नाही.

मणक्याचा टीबी याहून हळू चालतो. महिनोन्महिने बारीक दुखणं, संध्याकाळचा कणकण ताप, वजन हळूहळू कमी, कधी पाठीत बाक यायला लागतो. छातीचा टीबी नसला तरी मणक्याचा असू शकतो, खोकला असायलाच हवा असं काही नाही. कच्चं दूध पिणाऱ्यांना किंवा गुराढोरांत काम करणाऱ्यांना ब्रुसेला नावाचं इन्फेक्शनही मणक्यात होऊ शकतं, त्याची रक्ततपासणी वेगळी असते आणि ती मुद्दाम मागावी लागते.

आणि लघवी अडली, किंवा लघवी-संडासवरचा ताबा गेला, मांड्यांच्या मधल्या भागात बधिरपणा आला, पायातली ताकद जायला लागली, तर हा लेख बाजूला ठेवा आणि त्याच दिवशी, त्याच तासाला इमर्जन्सीत जा. कारण इन्फेक्शन असो नाहीतर गादी, नस दबून राहिली तर पाय कायमचा जाऊ शकतो.

शंका असेल तर तपासण्या, आणि त्याही क्रमाने

सुरुवात रक्तापासून, सीबीसी (रक्तपेशींची मोजणी), ईएसआर आणि सीआरपी (अंगात सूज आहे का ते दाखवणारे आकडे). ईएसआर-सीआरपी वाढलेले असले म्हणजे मणक्यातच इन्फेक्शन आहे असं सिद्ध होत नाही, दुसऱ्याही शंभर कारणांनी ते वाढतात, पण दोन्ही नॉर्मल असतील तर पू करणाऱ्या इन्फेक्शनची शक्यता बरीच कमी होते. टीबीत मात्र हे आकडे फारसे न वाढताही आजार असू शकतो. मग एमआरआय, शक्यतो कॉन्ट्रास्टसकट.

त्याच्यानंतर ब्लड कल्चर, म्हणजे रक्तातला बॅक्टेरिया लॅबमध्ये बाटलीत उगवून बघणं, आणि इथे नीट लक्ष द्या. निदान दोन सेट, दोन वेगवेगळ्या जागी सुई टोचून घेतलेले. का, तर एकाच बाटलीत त्वचेवरचा बॅक्टेरिया उगवला तर तो बाहेरचा लागलेला असू शकतो, दोन्ही सेटमध्ये तोच उगवला तर त्याला किंमत आहे. आणि हे कल्चर अँटिबायोटिकचा पहिला डोस पोटात जायच्या आधी. एकदोन दिवस गोळ्या घेतल्या तरी बॅक्टेरिया बाटलीत बऱ्याचदा उगवत नाही आणि लॅबचा रिपोर्ट येतो "नो ग्रोथ", मग सगळे सुटकेचा श्वास टाकतात आणि आत इन्फेक्शन तसंच राहतं.

ब्लड कल्चरमध्ये स्टॅफिलोकॉकस ऑरियस उगवला आणि एमआरआय जुळत असेल तर बहुतेक वेळा बायोप्सी (सुईने तुकडा काढून तपासणं) लागत नाही, कारण मणक्याच्या इन्फेक्शनमागे सगळ्यात जास्त वेळा तोच असतो. काहीच उगवलं नाही तर सीटी स्कॅनवर बघत बघत सुईने मणक्यातला तुकडा काढतात. लोक बायोप्सीला फार घाबरतात, "सुई मणक्यात गेली तर पाय जातील" असं ऐकलेलं असतं, पण ती जागा भूल देऊन बधिर करतात आणि सुई कुठे जातेय ते प्रत्येक टप्प्यावर स्क्रीनवर दिसत असतं. त्या तुकड्याचं काय काय करायचं हे आधीच विचारून ठेवा, साधं कल्चर, टीबीचं कल्चर, टीबीची जीनएक्सपर्ट टेस्ट आणि पॅथॉलॉजी असं सगळं एकाच सॅम्पलमधून व्हायला हवं. पूर्ण तुकडा फॉर्मेलिनच्या (जंतू मारणाऱ्या द्रवाच्या) बाटलीत टाकला तर कल्चर होणारच नाही, पुन्हा सुई! ही चूक खरंच होते, म्हणून नातेवाईकाने शांतपणे विचारायला काहीच हरकत नाही.

माणूस खूप आजारी असेल, बीपी पडतंय, किंवा पायाची ताकद जातेय, तर डॉक्टर बायोप्सीसाठी थांबत नाहीत, लगेच अँटिबायोटिक सुरू करतात, आणि ते बरोबरच आहे. बाकीच्यांना दोन-चार दिवस थांबून नेमका बॅक्टेरिया कळला तर फायदाच होतो, कारण एकदा नाव कळलं की औषध नेमकं देता येतं. पू करणाऱ्या साध्या इन्फेक्शनला साधारण ६ आठवड्यांचा कोर्स असतो, फ्रान्समध्ये ६ आणि १२ आठवड्यांची तुलना केली होती, २०१५ मध्ये छापून आली, दोन्हीत बरे होणाऱ्यांचं प्रमाण सारखंच निघालं. टीबीची औषधं वेगळी आणि कोर्स कित्येक महिन्यांचा. आणि हा कोर्स मात्र मध्ये सोडायचा नाही, दोन आठवड्यांत दुखणं थांबलं तरीही.

"फ्लॉक्सासिन"वाल्या गोळ्यांबद्दल वेगळं सांगायलाच हवं

सिप्रोफ्लॉक्सासिन, लिव्होफ्लॉक्सासिन, ओफ्लॉक्सासिन, या गटातल्या गोळ्या "घेऊन बघा" म्हणून सहज दिल्या जातात. या गटातली काही औषधं टीबीवरही चालतात, म्हणजे मणक्याचा टीबी असलेल्या माणसाने आठ-दहा दिवस ही गोळी घेतली तर त्याला थोडं बरं वाटतं, सगळ्यांना वाटतं चला औषध लागू पडलं, आणि टीबीचं निदान आणखी लांबतं, सॅम्पलमध्ये जंतू सापडणंही अवघड होतं. शिवाय या गोळ्यांनी टाचेच्या वरची जाड शीर, म्हणजे टेंडन, सुजू किंवा तुटू शकतं, औषधांवर देखरेख ठेवणाऱ्या अमेरिकेच्या एफडीएने २००८ मध्ये यासाठी सगळ्यात कडक प्रकारची वॉर्निंग दिली. वय साठच्या पुढे आणि सोबत स्टिरॉइड चालू असेल तर धोका जास्त. कंबरदुखीच्या पेशंटला स्टिरॉइड दिलेलं असणं अगदी शक्य आहे, म्हणून विचारा.

तरीही डॉक्टर मोडिकसाठी लांब कोर्स देत असतील तर

मग निदान हे प्रश्न विचारून घ्या. माझं टाईप १ नक्की आहे का, इन्फेक्शन आणि टीबी नाही हे कशावरून ठरवलं, २०१९ च्या अभ्यासात उपयोग दिसला नाही तरी मला का देताय, आणि बरं वाटतंय की नाही हे केव्हा आणि कशावरून ठरवायचं. चांगले डॉक्टर या प्रश्नांना चिडत नाहीत. पेनिसिलिनची अ‍ॅलर्जी आधी कधी आली असेल, अंगावर पुरळ, ओठ सुजणं, दम लागणं, ते सांगा. मेथोट्रेक्सेट किंवा रक्त पातळ करणारी वॉरफरिन चालू असेल तर तेही सांगा, दोन्हींचा अमॉक्सिसिलिनशी संबंध येतो.

लिव्हरची टेस्ट सुरुवातीला आणि मध्ये करायला लावा. अमॉक्सिसिलिन-क्लॅव्युलॅनेटने कावीळ होऊ शकते, वयस्कर पुरुषांत आणि लांब कोर्समध्ये जास्त, आणि विचित्र म्हणजे कोर्स संपल्यावर काही आठवड्यांनीसुद्धा होऊ शकते, त्यामुळे लघवी गडद पिवळी, डोळे पिवळे, अंगाला खाज असं काही झालं तर "गोळ्या तर केव्हाच संपल्या" म्हणून दुर्लक्ष करू नका. पातळ संडास थोडीफार बऱ्याच जणांना होते, पण दिवसातून तीन किंवा त्याहून जास्त वेळा, पोटात मुरडा, ताप असं झालं तर आतड्यातलं सी. डिफिसिल नावाचं इन्फेक्शन तपासायला हवं, ते बहुतेक वेळा अँटिबायोटिकमुळेच होतं, आणि तेव्हा जुलाब थांबवायच्या गोळ्या स्वतःच्या मनाने घेऊ नका.

आणि घरात उरलेल्या, दुसऱ्या कुणाच्या, मेडिकलवाल्याकडून चिठ्ठीशिवाय आणलेल्या गोळ्यांवर हा प्रयोग कधीच करू नका. शंभर दिवसांत अंगातले बाकीचे बॅक्टेरिया त्या औषधाला सरावू शकतात आणि उद्या न्यूमोनिया झाला तर तीच गोळी लागू पडेलच असं नाही.

इन्फेक्शन नाही असं ठरलं तर

आधी एक गोष्ट तपासून घ्या जी फार वेळा राहून जाते. कंबरदुखी चाळिशीच्या आत सुरू झाली, सकाळी उठल्यावर अर्धा तास तरी कंबर आखडलेली, पहाटे दुखून जाग येते, आणि विश्रांतीने वाढून हालचालीने मोकळी होते, तर हा अँकिलोझिंग स्पाँडिलायटिससारखा सांध्यांचा आजार असू शकतो. त्याची औषधं पूर्ण वेगळी, संधिवाताच्या डॉक्टरांकडे जा.

तेही नसेल तर मग नेहमीचाच रस्ता, व्यायाम, चालणं, गरजेपुरत्या सूज कमी करणाऱ्या गोळ्या. डब्ल्यूएचओने डिसेंबर २०२३ मध्ये जुनाट कंबरदुखीसाठी गाइडलाइन काढली त्यात व्यायाम आहे, समजावून सांगणं आहे, मनाचा ताण हाताळणारी थेरपी आहे, आणि पट्टे, ट्रॅक्शन (वजन लावून कंबर ओढणं), अफूच्या गटातल्या पेनकिलर नको असं म्हटलंय. २०२४ मध्ये लॅन्सेटमध्ये ७०१ लोकांचा अभ्यास आला, कंबरदुखीतून नुकतेच बरे झालेले लोक, त्यांना फिजिओच्या मदतीने हळूहळू वाढवत नेमाने चालायला लावलं तर दुखणं पुन्हा उलटायला साधारण २०८ दिवस लागले, न चालणाऱ्यांचं ११२ दिवसांत उलटलं. चालण्याने पोट बिघडत नाही की लिव्हर.

आणि तुम्ही आधीच गोळ्या सुरू केल्या असतील तर

घाबरू नका, पण लपवूही नका. कुठली गोळी, किती मिलीग्रॅम, कुठल्या तारखेपासून, शेवटची कधी घेतली, हे सगळं कागदावर लिहा, रिकामं पाकीट फाइलला लावा आणि बायोप्सी किंवा कल्चर करणाऱ्या डॉक्टरांच्या हातात द्या. प्रकृती स्थिर असेल तर ते गोळ्या थांबवून एक-दोन आठवडे जाऊ देतात आणि मग सॅम्पल घेतात, म्हणजे जंतू सापडायची शक्यता वाढते. हा निर्णय त्यांचा, आपण मनाने गोळी बंद करायची नाही. त्या मधल्या दिवसांत ताप आला, दुखणं एकदम वाढलं किंवा पायात जडपणा जाणवला तर ठरलेल्या तारखेची वाट न बघता लगेच फोन करा.